तो घोरत होता, आम्हाला वाटलं झोपलाय

मागच्या अंकात मी एक छोटं टिपण लिहिलं होतं. डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेला माणूस कित्येकदा रक्त जाऊन नव्हे, तर श्वासाची वाट बंद होऊन जातो, आणि ती वाट शेजारी उभ्या असलेल्या साध्या माणसाला नुसत्या हातानं उघडता येते, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून त्यातले काही प्रश्न थोडे आटोपते करून इथे घेतलेत. मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं हायवेलगतच्या हॉस्पिटलांमध्ये रात्रीच्या ड्यूट्या केल्यात, त्यामुळे जे लिहितेय ते रोज हाताखालून गेलेलं आहे.

प्रश्न : मॅडम, माझा मावसभाऊ मागच्या वर्षी आमच्यासमोर बाइकवरून पडला. बेशुद्ध होता पण मोठमोठ्यानं घोरत होता, म्हणून आम्हाला वाटलं श्वास चालू आहे, काळजी नाही. कुणीतरी डोक्याखाली चादरीची घडी ठेवली, एका काकांनी पाणी पाजलं. अँब्युलन्स येईपर्यंत तो निळा पडला होता. वाचला, पण आता बोलताना अडखळतो, विसरतो. तुमचं टिपण वाचल्यापासून मला झोप नाही. आमचं काय चुकलं? (वाचक, पुणे जिल्हा)

दादा, आधी एक गोष्ट. त्याच्या मेंदूला जे झालं त्यात मूळ माराचा वाटा किती आणि ऑक्सिजन कमी पडल्याचा किती हे आता कुणीच वेगळं काढून सांगू शकणार नाही, आणि तुम्ही जे केलं ते आपल्याकडे शंभरातली नव्वद माणसं करतात कारण आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका. पण विचारलंत ते बरं केलंत, कारण हे चार लोकांना कळलं तर पुढचा कुणीतरी वाचेल.

बेशुद्ध माणसाचं घोरणं म्हणजे झोप नव्हे. शुद्ध गेली की जबड्याचे आणि जिभेचे स्नायू ढिले पडतात, आणि माणूस उताणा असेल तर जीभ मागे घशात पडते आणि हवा त्या फटीतून कशीबशी जाते, त्याचा तो आवाज. म्हणजे अर्धी वाट बंद झालीय असं शरीर ओरडून सांगतंय. त्यात डोक्याखाली उशी ठेवली की हनुवटी छातीकडे झुकते आणि उरलेली वाट पण मिटते. आणि आवाज एकदम थांबला तर लोक म्हणतात शांत झाला, पण तेव्हाच खरी घाबरायची वेळ असते. छाती-पोट वरखाली होतंय पण नाकातोंडाशी हवा लागत नाही, असं असेल तर वाट पूर्ण बंद आहे. आणि मेंदूला ऑक्सिजन अजिबात मिळाला नाही तर साधारण 4 ते 6 मिनिटांत नुकसान सुरू होतं, अँब्युलन्स तेवढ्यात कुठून येणार?

मग करायचं काय. त्याच्या डोक्याच्या मागे गुडघ्यावर बसा, दोन्ही कोपरं जमिनीला टेका. दोन्ही हातांची बोटं कानाच्या पाळीच्या खाली जबड्याचा जो कोपरा लागतो ना त्याच्या मागे अडकवा आणि तो कोपरा वर, आकाशाकडे उचला. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आले पाहिजेत, तोंड बंद होत असेल तर अंगठ्यानं हनुवटी जरा खाली ढकला. मान मागे वाकवायची नाही, वळवायची नाही, नुसता जबडा पुढे. जीभ जबड्याला बांधलेली असते, जबडा पुढे आला की ती पण घशातून सुटते. तुम्ही हे बरोबर केलं की घोरणं तुमच्या हाताखालीच थांबतं आणि तळहाताला गरम श्वास लागतो, आणि तो लागला की सोडायचं नाही, हात भरून आले तर दुसऱ्याला तिथे बसवायचं. आज रात्री घरात कुणाला तरी झोपवून हात कुठे ठेवायचे ते एकदा बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

मान मोडली असेल ही भीती खरी आहे आणि म्हणूनच आपण मान न हलवता फक्त जबडा उचलतो. पण खूप प्रयत्न करूनही हवा जात नसेल तर कपाळावर हात ठेवून डोकं थोडं मागे करून हनुवटी वर उचलायचीच, कारण मान सांभाळली आणि श्वास गेला तर उपयोग काय. तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर दोघातिघांनी मिळून, एकानं डोकं धरून, अख्खं शरीर लाकडाच्या ओंडक्यासारखं एकदम कुशीवर करायचं म्हणजे सगळं बाहेर येतं. एकटेच असाल तरी कुशीवर करा. तोंडात दिसतंय ते काढा, कवळी, माती, तंबाखूचा बार, पण न दिसणाऱ्या गोष्टीसाठी आंधळेपणानं घशात बोटं घालू नका.

पाणी नाही म्हणजे नाही. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, ते पाणी सरळ फुफ्फुसात जातं. आपल्याकडे पाणी पाजणं ही माया आहे, तहानलेल्याला पाणी नाही म्हणणं जिवावर येतं हे मला कळतं, पण शुद्धीत असला तरी अपघातातल्या माणसाला पाणी, चहा काही देऊ नका कारण पुढे त्याला भूल द्यावी लागणार असते.

हेल्मेटचं अजून दोघांनी विचारलंय. माणूस बोलतोय, नीट श्वास घेतोय तर हेल्मेट राहू द्या, फक्त समोरची काच वर करा. घोरतोय, उलटी होतेय, श्वास नाही, तर काढावंच लागतं आणि ते दोघांनी मिळून. एकानं खालून एक हात मानेमागे आणि एक हात जबड्याला देऊन डोकं पक्कं धरायचं, दुसऱ्यानं पट्टा सोडून किंवा कापून हेल्मेटच्या दोन्ही बाजू बाहेर ताणत नाक सांभाळत हळूहळू ओढायचं, आणि निघाल्यावर डोकं धाडकन खाली पडू द्यायचं नाही.

आणि पोलिसांची भीती. 30 मार्च 2016 ला सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्या लोकांसाठीचे नियम देशभर लागू केले आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलमच आलं, चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. आपल्याकडे 108 ची सेवा 2014 पासून आहे आणि त्या गाडीत डॉक्टर असतो. फोन लावताना स्पीकरवर टाका म्हणजे हात जबड्यावर राहतील.

प्रश्न : डॉक्टरताई, माझ्या वडिलांचा ट्रॅक्टरच्या अपघातात जबडा मोडला होता. ते सारखे उठून बसायचे, पुढे वाकायचे, आणि तिथले लोक त्यांना धरून झोपवायचे, शेवटी हात बांधले. त्यांचं वागणं चुकीचं होतं का? (वाचक, सांगली जिल्हा)

तुमचे वडील बरोबर होते. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी मोडला की पुढचा तुकडा सुटा होतो आणि जिभेला पुढे धरून ठेवणारं हाडच राहत नाही, मग उताणं झोपवलं की तो तुकडा जीभ घेऊन मागे घसरतो. वर तोंडातलं रक्त घशात साठतं. असा माणूस पुढे वाकून बसतो, लाळ-रक्त खाली गळू देतो, कारण त्याच एका अवस्थेत त्याला श्वास मिळतो. त्याला झोपवणं म्हणजे त्याचा गळा दाबणंच. चेहऱ्याला मार आहे, शुद्धीत आहे आणि बसायचं म्हणतोय, तर बसू द्या, पुढे वाकू द्या, हातात भांडं द्या. मानेला पट्टा लावायचा तर बसल्या जागी लावता येतो.

दुसरं, अपघातानंतर जो माणूस अचानक चिडचिड करतो, मास्क ओढून काढतो, मारायला धावतो, त्याला लोक दारू प्यायलाय म्हणतात. असेलही प्यायलेला. पण ऑक्सिजन कमी पडला की सगळ्यात आधी माणूस असाच वागतो, आणि मी ज्युनियर मुलांना हेच सांगते की पेशंट भांडायला लागला तर आधी बोटाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब लाव, हात मग बांध. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : आमच्या भाच्याला डोक्याला मार लागला होता. डॉक्टर म्हणाले तोंडातून नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल, सही करा. घरात सगळे म्हणाले एकदा नळी टाकली की माणूस परत येत नाही, नुसतं बिल वाढवतात. मुंबईच्या मामांना फोन करण्यात पाऊण तास गेला. पोरगा आता बरा आहे, पण मनात राहिलंय, आम्ही थांबलो ते बरोबर की चूक? (वाचक, लातूर)

ताई, चूक. तुमचा भाचा बरा आहे ह्याचा मला खूप आनंद आहे, पण त्या पाऊण तासात काहीही होऊ शकलं असतं. ही समजूत कुठून येते ते मला माहितीय. जे सगळ्यात जास्त आजारी असतात त्यांनाच नळी लागते, त्यातले काही जातात, आणि बघणाऱ्याला वाटतं नळीमुळे गेला. छत्री दिसली की पाऊस येतो म्हणण्यासारखं आहे हे.

डॉक्टर नळी का टाकतात ते सांगते. डोक्याला मार लागलेल्या माणसाची शुद्ध आम्ही मार्कांत मोजतो, डोळे उघडतो का, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो, 15 पैकी. ही पद्धत 1974 साली ग्लासगोच्या दोन मेंदूच्या सर्जननी काढली, आज जगभर तीच वापरतात. पूर्ण जागा माणूस 15, काहीच प्रतिसाद नसेल तरी 3. 8 किंवा त्याच्या खाली आला की तो स्वतःची श्वासाची वाट स्वतः सांभाळू शकत नाही असं आम्ही धरतो. म्हणजे जीभ मागे पडेल, आणि उलटी झाली तर ती खोकून बाहेर काढता येणार नाही. ठरवून केलेल्या ऑपरेशनला आम्ही 6 तास उपाशी ठेवतो, इथे माणूस ढाब्यावर जेवून निघालेला असतो, आणि दुखणं-भीती यामुळे पोट रिकामं व्हायचं पण थांबतं. ते जेवण फुफ्फुसात गेलं तर मेंदू वाचला तरी छाती वाचत नाही. आणि दुखावलेल्या मेंदूला एकदा जरी ऑक्सिजन किंवा बीपी घसरल्याचा झटका बसला तर नुकसान फार वाढतं. नळी म्हणजे त्या वाटेला लावलेला पाइप आणि त्याच्याभोवती फुगणारा छोटा फुगा, हवा आत जाऊ द्यायची आणि घाण बाहेरच अडवायची, एवढंच तिचं काम.

आत बंद दाराआड काय चालतं ते नातेवाइकांना कधी दिसत नाही आणि म्हणून भीती वाढते, तर ते पण सांगते. पहिली तीन-एक मिनिटं आम्ही काहीच करत नाही असं वाटेल, तेव्हा घट्ट मास्कनं शंभर टक्के ऑक्सिजन देत असतो, फुफ्फुसात साठा करून ठेवायचा म्हणून. रक्त-उलटी ओढून घेणारी सक्शनची नळी चालू करून उशीच्या कडेला, माझ्या उजव्या हाताशी. एक जण डोकं दोन्ही बाजूंनी धरून मान सरळ ठेवतो आणि मानेच्या पट्ट्याचा पुढचा भाग सोडतो, कारण पट्टा लावून तोंड नीट उघडत नाही. बीपी खाली असेल तर आधी रक्त, सलाइन, कारण झोपेचं औषध दिलं आणि हातानं दाबायच्या फुग्यातून हवा द्यायला लागलो की बीपी अजून पडतं, कधीकधी हृदयच थांबतं. नळीची घाई केली आणि शॉककडे, म्हणजे रक्त जाऊन बीपी कोसळण्याकडे, बघितलं नाही, असं होऊन गेलेले पेशंट मी बघितलेत. म्हणून शॉकमध्ये झोपेचं औषध, आम्ही बहुतेकदा केटामिन घेतो, ते कमी देतो, आणि स्नायू ढिले करणाऱ्या औषधाचा डोस मात्र पूर्ण किंवा थोडा जास्तच. साधारण मिनिटभरात अंग सैल पडतं. मग लॅरिंगोस्कोपनं, म्हणजे घशात बघायच्या दिव्याच्या पात्यानं, जीभ बाजूला करायची, आणि तिथे रक्त असतं, फेस असतो, सक्शन करत करत ती पांढरी स्वरयंत्राची फट शोधायची, आधी बूजी म्हणून एक लांब लवचिक कांडी आत सरकवायची, तिच्यावरून साडेसातची ट्यूब. आणि मग खोलीत सगळे गप्प, सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर, कार्बन डायऑक्साइडच्या लाटा येतायत का. एक लाट आली म्हणून मी हात सोडत नाही, सहा-सात सलग आल्या की मगच म्हणते, बांधा ट्यूब. ह्या सगळ्याला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि ते पाऊण तासानं करायचं की आत्ता एवढाच प्रश्न असतो.

सहीबद्दल. जीव धोक्यात असेल तर डॉक्टरनं सहीसाठी थांबायलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. पण बाहेर तीस माणसं जमलेली असतात, तोडफोडीच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात, आणि मग डॉक्टर थांबतो. हे मला अजिबात पटत नाही, पण होतं. तुम्ही दारात उभे असाल तर "करा डॉक्टर, फोन आम्ही नंतर करतो" एवढं म्हणा. आणि ह्या गोष्टी लगेच सांगा : शेवटचं कधी जेवला, कवळी किंवा हलणारा दात आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधी भूल घेताना काही त्रास झाला होता का, आणि तोंड पूर्ण उघडतं का.

माणूस जागा व्हायला लागला, खोकायला लागला, स्वतः श्वास घ्यायला लागला की नळी निघते, काहींची दुसऱ्या दिवशीच. दोन-चार दिवस आवाज बसतो, घसा दुखतो. आणि हो, काही पेशंट जातात, ते मी लपवणार नाही, पण ते बहुतेक वेळा त्यांच्या माराने जातात.

प्रश्न : नळी टाकण्याशी तोंड किती उघडतं ह्याचा काय संबंध? माझे मिस्टर ट्रकवर असतात, खर्रा खातात. जेवताना तिखट लागलं की डोळ्यात पाणी येतं आणि तोंड दोनच बोटं उघडतं. (वाचक, चंद्रपूर)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ह्या एका विषयावर मला बोलायचंच होतं.

स्वतःची तीन बोटं, उभी, समोरच्या दातांमध्ये मावली पाहिजेत. सुपारी, खर्रा, मावा, गुटखा सतत गालात धरून ठेवला की गालाच्या आतलं मऊ कातडं हळूहळू चामड्यासारखं घट्ट आणि पांढरट होतं, तिखट सोसत नाही, आणि तोंड तीन बोटांवरून दोनवर, मग एकावर येतं. आपल्या राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण मुळात दोष सुपारीचा आहे आणि ती कुठेही मिळते. कॅन्सरचा धोका सगळ्यांना माहितीय, पण मला जी दुसरी भीती वाटते ती कुणी सांगत नाही.

जबडा दुखतोय म्हणून तोंड उघडत नसेल तर औषध दिल्यावर स्नायू ढिले होतात आणि तोंड उघडतं. खर्ऱ्यानं आखडलेलं तोंड कुठल्याही औषधानं उघडत नाही, तिथे स्नायू नाही, गालच आवळलेला असतो. ठरवलेल्या ऑपरेशनला अशा माणसाला आम्ही जागं ठेवून नाकातून दुर्बिणीनं नळी टाकतो, त्याला सावकाश वेळ लागतो. अपघातात तो वेळ कुठून आणायचा? नाकातोंडात रक्त, दुर्बिणीला काही दिसत नाही, तोंडात लॅरिंगोस्कोप जात नाही, आय-जेलसारखं घशात बसवून हवा द्यायचं साधन पण जात नाही.

एका रात्री असाच एक ड्रायव्हर आला होता. चेहरा केबिनच्या पत्र्यावर आपटलेला, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, 80 च्या खाली, तोंड माझं एक बोट जेमतेम. मास्कनं हवा जात नव्हती. मी सर्जनला एकच शब्द म्हटलं, "मान." त्यानं कंठमण्याच्या खाली जी मऊ खाच लागते तिथे ब्लेडनं आडवा छेद घेतला, बूजी घातली, तिच्यावरून 6 नंबरची ट्यूब. मिनिटभराच्या आत आकडा चढायला लागला. सिस्टरनं अजून हातातला ॲम्बू, तो हवा द्यायचा फुगा, सोडला नव्हता, तिचे हात थरथरत होते. तो माणूस तीन आठवड्यांनी चालत घरी गेला. पण हे करायला हिंमत असलेला हात शेजारी होता म्हणून, आणि तो प्रत्येक ठिकाणी रात्री तीनला असेलच असं नाही.

मिस्टरांना सांगा, खर्रा आजच बंद, दंतचिकित्सकाकडे किंवा सरकारी डेंटल कॉलेजला दाखवा. आखडलेलं पूर्ण परत येत नाही, पण बंद केलं की पुढे वाढायचं बऱ्याचदा थांबतं आणि तोंडाच्या व्यायामानं थोडं सुधारतं. आणि एक करा, त्यांच्या लायसन्सच्या पाकिटात चिठ्ठी ठेवा : रक्तगट, ॲलर्जी, आणि "तोंड दोन बोटं उघडतं". मला अशी चिठ्ठी आजवर कुणाच्या खिशात सापडली नाही. सापडली तर मी औषध द्यायच्या आधीच सर्जनला बोलावून मानेवर खूण करून ठेवीन.

प्रश्न : सिनेमात पेनची नळी गळ्यात खुपसून जीव वाचवतात, ते शिकता येईल का? (वाचक, ठाणे)

नाही. वरचं वाचून तर मुळीच प्रयत्न करू नका. त्या जागेच्या दोन बोटं इकडेतिकडे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, आणि लहान मुलांत तर आम्ही पण तिथे ब्लेड लावत नाही, सुई वापरतो. तुमच्यासाठी जबडा उचलणं आणि कुशीवर करणं, ह्यानं पेनपेक्षा कितीतरी जास्त लोक वाचतात.

प्रश्न : आमच्याकडे संक्रांतीला पतंगाचं वेड फार. दोन वर्षांपूर्वी नायलॉन मांजानं एका मुलाचा गळा कापला, जखमेतून बुडबुडे येत होते. अशा वेळी गळ्याला कापड घट्ट बांधायचं का? (वाचक, येवला)

घट्ट बांधायचं नाही, मानेभोवती कधीच काही गुंडाळून आवळायचं नाही. जिथून रक्त येतंय तिथेच स्वच्छ कापडाची घडी ठेवून बोटांनी दाबून धरायचं आणि हॉस्पिटलपर्यंत बोट काढायचं नाही, सारखं उचलून बघायचं नाही. बुडबुडे येतात म्हणजे श्वासनलिका उघडी पडलीय, आणि कदाचित त्या क्षणी तो मुलगा त्याच भोकातून श्वास घेतोय. ते भोक कापडानं बुजवलं तर उरलेली वाट पण गेली. रक्त दाबा, हवेचं भोक मोकळं ठेवा. शुद्धीत असेल आणि बसून बरं वाटत असेल तर पुढे वाकून बसू द्या. अशा पेशंटला आम्ही कधीकधी तोंडाकडे बघतच नाही, त्याच जखमेतून ट्यूब सरळ श्वासनलिकेत टाकतो.

जखम बारीक दिसली तरी फसू नका. आवाज बदलला, घोगरा झाला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय, मान एका बाजूनं फुगत चाललीय, कातडीखाली बोटाला चुरचुर लागतेय, ह्यातलं काहीही असलं तर टाके घालून घरी पाठवायची केस नाही ती. आत रक्त साठत जातं आणि तासाभरापूर्वी बोलणारा माणूस एकदम गुदमरतो. ओढणी बाइकच्या चाकात अडकून गळ्याला फास बसतो त्या मुलींचं पण हेच, बाहेर नुसता लाल पट्टा दिसतो आणि आत स्वरयंत्र चिरडलेलं असतं. आगीत बंद खोलीत सापडलेल्या माणसाचं सुद्धा, नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, आवाज बसलेला, तर तो बोलत असतानाच नळी टाकावी लागते, सूज चढल्यावर जागा राहत नाही.

नायलॉन मांजावर हरित लवादानं 2017 मध्ये देशभर बंदी घातलीय आणि तरी तो दरवर्षी चोरून विकला जातो. त्या आठवड्यात बाइकवर गळ्याला जाड मफलर आणि हँडलला तारेची कमान लावा, आणि मुलाला टाकीवर पुढे बसवू नका, मांजा पहिला त्याच्या गळ्यावर येतो.

प्रश्न : मी एका लहान हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. रात्री भूलतज्ज्ञ नसतो. डॉक्टर ट्यूब टाकायचा दोनदा-तीनदा प्रयत्न करतात, सॅच्युरेशन पडत जातं, मला कळतं पण बोलायचं धाडस होत नाही. (वाचक, बीड जिल्हा)

सिस्टर, बोला. मोठ्यानं आकडा बोला, "सर, नव्वद", "सर, शहाऐंशी". ट्यूब टाकणाऱ्याचं सगळं लक्ष त्या फटीवर असतं, त्याला वेळेचं भान राहत नाही, माझं पण राहत नाही. मी ड्यूटीच्या सुरुवातीलाच सिस्टरला सांगून ठेवते की 93 च्या खाली गेलं की मला थांबवायचं, हा तुझा अधिकार आहे. तुमच्या डॉक्टरांना शांत वेळी, दिवसा, असंच ठरवून घ्या म्हणा.

पेशंट नळीवाचून मरत नाही, ऑक्सिजनवाचून मरतो. मास्क आणि ॲम्बूनं छाती नीट वर येत असेल तर तसाच पाठवता येतो. फक्त मास्क एकट्यानं एका हातानं धरू नका, तुम्ही दोन्ही हातांनी मास्क दाबून जबडा वर ओढा आणि ॲम्बू ब्रदरला दाबू द्या, हळू, सहा सेकंदांनी एकदा, छाती वर आली की पुरे. भराभर दाबलं की हवा पोटात जाते आणि उलटी येते. तोंडातून हवेची वाट ठेवणारी प्लास्टिकची एअरवे घाला, खोकला-उबळ येत नसेल तर. नाकातली मात्र डोळ्याभोवती काळं-निळं झालंय किंवा नाकाकानातून पाणी येतंय तर नको, कवटीचा तळ फुटलेला असू शकतो. दुसरा पर्याय आय-जेल, तुमच्या ट्रॉलीत 3, 4 आणि 5 नंबर असू द्या. आणि डॉक्टरांनी ट्यूब टाकली आणि कॅप्नोवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर, लाट नाही, तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असंच धरायचं, स्टेथोस्कोपला आवाज आला तरी. कॅप्नो नसेल तर तो मागा, लेखी मागा. दर ड्यूटीला सक्शन चालू करून बघा, लॅरिंगोस्कोपचा बल्ब लावून बघा, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघा. मी एकदा हे न बघता बसले होते आणि बल्ब गेलेला निघाला, ती रात्र मी विसरलेली नाही.

लहान हॉस्पिटल म्हणून कमीपणा मानू नका. 1976 साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या डॉक्टरचं छोटं विमान शेतात कोसळलं, बायको जागीच गेली, मुलं जखमी, आणि जवळच्या छोट्या हॉस्पिटलात कुणाला आधी काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यातून पेटून त्यानं सोबत्यांना घेऊन 1978 मध्ये जो कोर्स सुरू केला तोच आज जगभर ट्रॉमासाठी शिकवतात, आधी श्वासाची वाट आणि मान, मग श्वास, मग रक्ताभिसरण असा क्रम लावून. आता त्याच्याही आधी धो धो वाहणारं रक्त दाबा असं सांगतात. तो कोर्स मुळात तुमच्यासारख्या ठिकाणांसाठीच निघाला.

प्रश्न : बाबांना अपघातानंतर गळ्याला भोक पाडून नळी बसवलीय, आता घरी सोडतायत. ते पुन्हा बोलतील का? भोक तसंच राहतं का? (वाचक, रत्नागिरी)

बहुतेक लोक बोलतात. आवाज गेलेला नसतो, हवा खालूनच बाहेर पडते म्हणून स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही एवढंच. नळीचा फुगा सोडल्यावर आणि डॉक्टरांनी बोलण्याची झडप लावून दिल्यावर शब्द येतात, पण आपल्या मनानं भोकावर बोट ठेवून बघू नका, फुगा फुगलेला असताना तसं केलं तर श्वासच बंद होतो. तोवर हातात पाटी-पेन्सिल द्या, माणूस बोलता येत नाही म्हणून चिडतो, लिहिता आलं की निवळतो. नळी काढली की भोक बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप भरून येतं, वर एक छोटा वण राहतो.

घरी नेण्याआधी वॉर्डातच दोन माणसांनी सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं सक्शन करून दाखवा, आतली नळी काढून धुऊन परत घाला. सक्शन मशीन आणि ते बंद पडलं तर पायानं चालणारा पंप घरी हवा, तुमच्याकडे पावसात लाइट जाते. त्याच मापाची आणि एक माप लहान, अशा दोन जादा नळ्या उशाशी टांगून ठेवा. आणि त्यांना एकट्याला खोलीत झोपवू नका, आवाज नसल्यामुळे ते हाक मारू शकणार नाहीत, म्हणून उशाशी एक घंटी, देवघरातली चालेल.